कडेने धावणारे काका

गॅरेजमध्ये त्यांना सगळे अलाइनमेंटवाले काका म्हणत. गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून खाते, अशी तक्रार आली की गिऱ्हाईक त्यांच्याच पुढ्यात उभं केलं जायचं. काका टायरवरून हात फिरवायचे आणि चाकाआधी माणसाची उलटतपासणी घ्यायचे, "गाडी कुठल्या रस्त्याने नेता?" दुनियेची चाकं सरळ करणाऱ्या या माणसाची स्वतःची उजवी टाच मात्र दुखत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. चार पावलं भिंत धरून टाकली की जरा सैल पडायचं. बायको असती तर म्हणाली असती, "अहो, बाळ चालायला शिकतंय वाटतं!" पण ती जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी लांब राहायची आणि फोनवर म्हणायची, "बाबा, आता पुरे ते पळणं."

पुरे करून करायचं काय? दोघं नवरा-बायको मिळून तलावाभोवतीच्या रस्त्यावर पळायची. तिथे गाड्यांना बंदी. रस्ता मध्ये सपाट आणि पाणी ओघळावं म्हणून दोन्ही कडांना उतरता. तिचा गुडघा कुरकुरायचा, म्हणून मधली सपाट जागा तिची आणि डावी कड काकांची, असं पहिल्या दिवशी ठरलं ते ठरलं. धापा टाकत ती सगळ्या नातेवाइकांचा समाचार घ्यायची. घर आता खायला उठायचं, पण त्या रस्त्यावर ती अजून उजव्या हाताला असायची. पळणं सुटलं तर तेवढीही सोबत जाणार होती. काकांना खरी भीती त्याचीच होती.

म्हणून त्यांनी धंद्यातलाच इलाज केला. जुन्या ट्यूबचा तुकडा कापला आणि बुटात टाचेखाली पॅकिंग दिलं. झालं, आगीतून फुफाट्यात! जिना उतरणंही अवघड झालं, तेव्हा कुठे ते पायांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाची. तिने ट्यूबचा तुकडा चिमटीत धरून पाहिला, हसू दाबलं आणि काकांना अनवाणी एका पट्टीवरून चालवलं. तळव्याच्या कुठल्या जागी किती भार पडतो ते पडद्यावर रंगांत उमटलं. डावं पाऊल बरंचसं निळं, उजवी टाच आतल्या बाजूने लालभडक.

"काका, हे पाऊल आत कलतंय. तळव्याच्या कातडीखालचा जाड पट्टा ताणला जातो आणि टाचेशी दुखतो. कुठल्या रस्त्याने पळता?"

काका चपापले. हा तर त्यांचाच प्रश्न.

"तलावाच्या. डाव्या कडेने."

"तिथे उतार असणार. उजवा पाय सारखा वरच्या बाजूला पडतो. मधून का नाही पळत? गाड्या असतात?"

"छे, बंदी आहे."

"मग मध्ये कोण असतं?"

"बायको," काका बोलून गेले.

ती मोकळेपणी हसली. "मग त्यांना सांगा ना, जरा सरका म्हणून! नाहीतर पळणं सोडावं लागेल."

खरं सांगायला काकांनी तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"सांगतो," ते म्हणाले.

विश्रांती झाली, पोटऱ्या ताणायचे व्यायाम झाले. कळ ओसरल्यावर एका सकाळी काका तलावावर गेले. पाय सवयीने कडेला वळले. त्यांनी ते ओढून मधोमध आणले. पायांखाली रस्ता छान सपाट लागला. आपण तिला चांगली जागा दिली होती, हे कळून त्यांना बरं वाटलं.

"अगं, सरक जरा," ते म्हणाले.

मग त्यांनी उजवीकडे पाहिलं. त्या बाजूलाही उतारच होता. तिच्या गुडघ्याला तो झेपला नसता. तिला सरकायला जागाच नव्हती.

काका एकटेच पळाले. टाच दुखली नाही, आणि ती दुखत नाही याचंच त्यांना रडू आलं.