मीटर आणि माझे कान

शमुवेल गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या म्युझिक सिस्टीमवरची धूळ पुसत होतो. फोन रूथवहिनींचा होता. नेहमीच्याच शांत आवाजात त्या म्हणाल्या, "सर, हे गेले. सकाळी चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..." पुढचं त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही. पारनेरहून सुप्याला पोचायला अर्धा तास लागतो. त्या दिवशी वाटेत सारखं मनात येत होतं, की मी दारात पाय ठेवताच हा विचारणार, "किती मिन्टं लागली रं?" आणि मी अंदाजे सांगितलं की वैतागणार. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. रडून झालं आहे. आता त्याची आठवण आली की जास्त करून हसूच येतं, म्हणून लिहायला बसलोय.

शमुवेल साळवे सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता. कारखान्यातली मोजमापाची साधनं बरोबर मोजतात की नाही, हे तपासणं त्याचं काम. तपासलेल्या साधनावर छोटा पांढरा स्टिकर लावायचा, त्यावर तपासल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि सही. ही सवय त्याने घरीही आणली होती. स्वयंपाकघरातला वजनकाटा, भिंतीवरचं घड्याळ, ताप बघायचं थर्मामीटर, सगळ्यांवर पांढरे स्टिकर. पोळपाट तेवढा सुटला होता. "पोळी गोल हाय का न्हाई ते डोळ्यानं दिसतं," हे त्याचं त्यावरचं स्पष्टीकरण. त्याच्या स्वतःच्या मीटरांपैकी फक्त एकावर निळा स्टिकर होता. तो मीटर कपाटात वेगळा, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेला. बाकीचे मीटर त्याच्याशी ताडून बघायचे, म्हणून तो मास्टर. मी विचारलं होतं, "म्हणजे हा बिनचूक?" तो म्हणाला, "बिनचूक जगात काय नसतं, आनंता. ह्याची चूक किती ते म्हाईत असतं, म्हणून ह्यो मास्टर."

आमची ओळख शाळेच्या गॅदरिंगमधली. मी मराठी शिकवायचो, आणि आवाजातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. स्पीकर कुठे ठेवायचे यावरून भाड्याने आणलेल्या साउंडवाल्याशी मी हुज्जत घालत होतो. एका मुलीचे वडील म्हणून आलेला हा माणूस खिशातून आवाज मोजायचा मीटर काढून मैदानभर फिरला, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाला, "सर, तुमी म्हणताय ते बराबर हाय. पण तुमी सांगताय त्या कारणानं न्हाई." असलं बोलणाऱ्या माणसाशी एक तर भांडण होतं नाहीतर मैत्री. आमचं दोन्ही झालं.

भांडण झालं ते मी निवृत्त झाल्यावर. हौस म्हणून मी एक महागडा डॅक आणला. डॅक म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून देणारी पेटी. शमुवेलकडेही एक होती, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, माझ्या पेटीपुढे अगदीच गरीब. माझ्या पेटीतून तानपुरा कसा भरून येतो, गाणाऱ्याचा श्वास कसा ऐकू येतो, हे मी त्याला फोनवर इतक्यांदा ऐकवलं, की एका रविवारी तो त्याची पेटी, मीटर आणि वहिनींचा पलंगपोस घेऊन माझ्या घरी हजर झाला. पलंगपोसाचा पडदा केला. त्यामागे बसून हा कधी माझी पेटी लावणार, कधी त्याची, आणि मी नुसतं ऐकून सांगायचं. पहिल्या फेरीत मी एकदाही चुकलो नाही. मी त्याच्याकडे विजयी वीरासारखं पाहिलं. त्याने शांतपणे तारांना मीटर लावला आणि म्हणाला, "तुझी पेटी जरा मोठ्यानं वाजती. मोठं वाजलं की मान्साला बरंच वाटतं." मग त्याने दोन्ही आवाज मीटरवर अगदी सारखे केले, आणि आम्ही पुन्हा वीस वेळा ऐकलं. आता अकरा बरोबर आले. "नानं उडवून सांगितलं असतंस तरी येवढे आलेच असते," तो म्हणाला.

मला राग आला. आता कबूल करायला हरकत नाही, लाजच वाटली होती आणि तिचा मी राग केला. चौतीस वर्षं मुलांना कविता ऐकायला शिकवलेले माझे कान, आणि हा पलंगपोसामागून त्यांचा निकाल लावतो! मी म्हणालो, "शमुवेल, तुला गाणं ऐकूच येत नाही. तुला फक्त आकडे ऐकू येतात." त्याने पलंगपोसाची नीट घडी घातली आणि गेला.

तीन महिने आम्ही बोललो नाही. मग एका दुपारी तोच आला. हातात नगरच्या कानाच्या डॉक्टरांकडचा कागद होता. त्यावरची रेघ आधी सरळ चालत आलेली आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली. "ही माझी पेटी," तो म्हणाला. मोजमापाच्या खोलीत यायच्या आधी त्याने कित्येक वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर काढली होती, ते मला ठाऊक होतं. त्यात त्याच्या कानांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. "तू म्हनलास ते खरं हाय. वरचं बारीक सगळं गेलंय. म्हनून तर मीटर धरून बसतो." मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "ते असू दे. रविवारी घरी ये, एक काम हाय."

काम असं होतं. त्यांच्या चर्चमधल्या भजनाचं एक रेकॉर्डिंग त्याने पूर्वी स्वतः केलं होतं. त्यात शेवटी हार्मोनियम, तबला सगळं थांबतं आणि टाळांची एकच जोडी किणकिणत राहते. ती वाजवणारे त्याचे वडील. ती किणकिण आता त्याला ऐकू येत नव्हती. मीटरचा काटा ती दाखवायचा, पण हॉलमधल्या पंख्याच्या आवाजात ती बुडाली, की काट्यालाही वेगळी काढता यायची नाही. म्हणून त्याने मला त्याच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीत बसवलं. मी बोट वर धरायचं आणि टाळ ऐकू यायचा थांबला की खाली करायचं. तो माझ्या बोटाकडे बघत बसला. मध्येच विचारलं, "अजून हाय का?" मी मान हलवली. मीटर पाच सेकंदांना थांबला, माझं बोट आठला खाली आलं. त्याने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि कितीतरी वेळ त्या आठाकडे बघत राहिला.

त्यानंतर दर रविवारी, तो चर्चमधून आला की, आधी टाळ आणि मग बाकीचं ऐकणं, असा शिरस्ता पडला. माझे दर वेळी आठच यायचे. एकदा वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप घ्यायला माझं बोट आधीच खाली आलं, तर त्याने चार लिहिले आणि पुढे "चहा" असा शेरा मारला. मी म्हणालो, खोड ते. "आलं ते लिहायचं," तो म्हणाला, "पायजे ते न्हाई." पुढे एकदा मला स्वतःचीच शंका आली. म्हटलं, शमुवेल, आता मला सवयीने तर ऐकू येत नसेल? पंख्यात टाळ खरंच आहे, की मी मनानेच ऐकतोय? त्याने वहीची मागची पानं चाळली. मग म्हणाला, "ते मला मोजता येत न्हाई. पण दर येळी तेच येतंय, ह्याला आमच्या कामात लई किंमत हाय." त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे फार झालं. माझ्या महागड्या पेटीबद्दल मात्र त्याने शेवटपर्यंत चांगला शब्द काढला नाही.

मागच्या रविवारी वहिनींनी बोलावलं. खोलीला रंग द्यायचा होता, सामान बाहेर काढायला हात हवा होता. त्याची टेबलं, तारा, मीटर, सगळं आम्ही बाहेरच्या खोलीत नेलं. शेवटी माझी ती लाकडी खुर्ची उचलली, दारातून नीट निघेना म्हणून उलटी केली. बैठकीच्या खालच्या बाजूला निळा स्टिकर होता. त्याच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं :

साधन : अनंत जोशी, कान (दोन). मास्टर.
चूक : माहीत आहे.
पुढील तपासणी : दर रविवारी.

मी खुर्ची खाली ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसलो. वहिनींनी चष्मा लावून स्टिकर वाचला आणि पदराने त्यावरची धूळ पुसली. "मला नाही बोलले कधी," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढत म्हणाल्या, "सर, आज रविवारच आहे की."

मग रंगाचं काम तसंच राहिलं. खुर्ची पुन्हा आत, तिच्या जागी ठेवली. मी तारा जोडल्या, त्याच्याच त्या गरीब पेटीला. वहिनी त्याच्या स्टुलावर वही आणि घड्याळ घेऊन बसल्या. भजन संपत आलं, हार्मोनियम थांबली, तबला थांबला आणि टाळ तेवढा राहिला. मी बोट वर धरलं. पंख्याचा आवाज येऊ लागला, त्यात टाळ होता, अजून होता, बारीक होत होता... मी बोट खाली केलं.

"सर, आज नऊ झाले," वहिनी म्हणाल्या.

"मग नऊच लिहा," मी म्हणालो.