बाबांनी नाल्यात सोडलेला मांगूर

वडनेरच्या शेतात भाजीपाल्याच्या ओलितासाठी आमचं शेततळं आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात बाबांनी त्यात मांगूर माशाचं बीज टाकलं. विकणाऱ्यानं नुसतं ‘मांगूर’ म्हटलं आणि बाबांना लहानपणचा नाला आठवला, तेवढं पुरलं. माणूस ऐंशीला टेकला की त्याला काहीही विकता येतं, असं मी तेव्हा फोनवर भावाला म्हणाले होते. आता त्या बोलण्याची लाज वाटते.

कारण मासा बाबांना माझ्याहून जास्त कळतो. मी सिंदी मेघेला राहते आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणजे माझं ज्ञान फळ्यावरचं. पावसाळ्यात काठाच्या बिळात हात घालायचा नाही, आत मांगूरचा नर अंडी राखत बसलेला असतो, हे मला पुस्तकाआधी बाबांनी सांगितलं होतं.

दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी हौसेनं जाळं टाकून एक मासा काढून दाखवला. हातभर लांब, अंगावर काळपट डाग. आपला देशी मांगूर इतक्या दिवसांत असा कधी फोफावत नाही. मी त्याची मान बोटांनी चाचपली. डोक्यामागचं हाड तीन टोकांचं लागलं; देशी मांगूरचं तसं नसतं. हा आफ्रिकेतला. बाजारात त्याला थाई मांगूर म्हणतात आणि तो पाळायला बंदी आहे.

मग माझा वर्ग सुरू झाला, तोंड थांबेना. कल्ल्यांच्या वर याला फांद्या फुटल्यासारखा एक अवयव असतो, त्यानं तो थेट हवा घेतो. ओल्या गवतातून परांच्या काट्यांचा टेकू घेत दुसऱ्या पाण्यात सरकतो. बेडूक, गोगलगायी, दुसऱ्यांची पिल्लं आणि वेळ आली तर स्वतःचीही, काही सोडत नाही. अंडी हजारोंनी टाकून निघून जातो, राखण वगैरे भानगड नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, की पोळ्याच्या सुमारास त्यांनी दोन बादल्या मासे नाल्यात सोडले होते. नाल्यातला मांगूर केव्हाच संपला होता, तो परत यावा म्हणून. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

“त्याचं काय होईन आता?” त्यांनी विचारलं.

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, काही होत नाही, उन्हाळ्यात नाला आटला की मरून जातील.

पुढच्या आठवड्यात भावानं तळं उपसलं आणि मासे खड्ड्यात पुरले. पाण्याबाहेर ते किती तरी वेळ जिवंत होते, तोंडं उघडत होते, असं त्यानं फोनवर सांगितलं.

मार्चमध्ये पुन्हा गेले तर बाबा घरात नव्हते. नाल्याच्या शेवटच्या डबक्यापाशी गळ टाकून बसले होते. बाजूच्या बादलीत दोन मासे. सोबत आलेला भाऊ म्हणाला, दिवाळीपासून रोज येतात, कुणाचं ऐकत नाहीत. मी जवळ जाऊन म्हटलं, बाबा, उन्हात कशाला बसता?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “नाला आटला तरी मांगूर मरत नाई. चिखलात जाते. आमी कुदळीनं खणून काढत होतो, जिते. तू मास्तरीण आहेस, तुले ठाऊक नव्हतं?”

मला ठाऊक होतं. तसं मी कबूल केलं.

“मंग काऊन सांगितलं तसं?”

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, मी म्हणाले. गळ थोडा हलला, पुन्हा शांत झाला.

“वाईट तं वाटलंच,” ते म्हणाले. “सगळे काई निघणार नाई माह्या हातून. मी आहो तोवर मी काढतो. मंग तू येत जाजो.”

मी हो म्हटलं. वर्गात इतकी वर्षं गांडूळ चिरून दाखवलं, ते गळाला कसं लावायचं हे मात्र मला येत नव्हतं. त्यांनी दाखवलं.