नांदूरघाटची लांबलेली दुवा

आमच्या घरातून कोणीही गावाला निघाले की दारात उभे राहून प्रार्थना होते. वडील चर्चचे पाळक होते. त्यांनी लावलेली ही शिस्त आई आजही चालवते. शिस्त म्हणायचे एवढेच. तिच्यामुळे आमच्यापैकी कोणालाच ठरलेली एसटी कधी मिळालेली नाही. प्रार्थनेत सगळ्यांची नावे घ्यायची असतात: घरचे, नात्यातले, एसटीचा अनोळखी चालक, शेजारची गाभण शेळी. माझा धाकटा भाऊ योहान याचे नाव जिथे यायला हवे, तिथे आई खोकते आणि पुढे जाते.

योहान मुसलमान झाला त्याला बरीच वर्षे झाली. आता तो बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटला मौलाना याह्या म्हणून धर्मोपदेश करतो. याह्या म्हणजे अरबीतला योहानच, हे मी एकदा आईला सांगितले होते. "नाव तेच ठेवायचं होतं, तर एवढा उद्योग कशाला केला?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

आईच्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले, तेव्हा मी बॅग भरली. गोळ्या, छत्री, पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि आईने दिलेला लिंबाच्या लोणच्याचा डबा. निरोप असा होता: "त्यानं आपणहून माझं विचारलं, तरच सांग. नाही विचारलं, तर लोणचं देऊन परत ये."

नगरहून सुटणारी गाडी अर्थातच चुकली. पुढची धरली. दिवाळी नुकतीच सरली होती. मांजरसुंब्याच्या घाटानंतर डोंगर बोडके होत गेले आणि काळ्या रानात कापसाचे पांढरे ठिपके दिसू लागले. केजला उतरून नांदूरघाटच्या जीपमध्ये बसले. आत हलायला जागा नव्हती, तरी ड्रायव्हर म्हणाला, "सरका की ताई, अजून दोघं बसत्यात."

"कुठं बसतील?"

"बसल्यावर दिसतंय." मग आरशातून माझ्याकडे बघत, "कोनाकडं चाललात?"

"मौलाना याह्यांकडे. आजच परत यायचंय."

"आज? मग न्हाई जमायचं. मौलाना लई चांगला मानूस, पन एकदा सुरू झाला की आटपत न्हाई."

मला हसू आले. वडिलांच्या लांबलचक प्रार्थनांना वैतागूनच योहान घर सोडून टेम्पो चालवायला केजला आला होता. तिथे मशिदीसमोर टेम्पो उभा करायचा. "ताई, इथं नमाज वेळेवर सुरू होते आणि वेळेवर संपते," असे त्याने मला तेव्हा सांगितले होते. श्रद्धेची याहून खोल कारणे असणारच. ती त्याने स्वतःपाशी ठेवली. मला मात्र तेवढे एक लगेच पटले होते.

नांदूरघाटच्या स्टँडवर ऊसतोड्यांचा ट्रक निघायच्या बेतात होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे, सगळे वर चढलेले. खाली हात पसरून, डोळे मिटून माझा भाऊ उभा होता. दाढी पिकलेली, डोक्यावर पांढरी टोपी, आणि डाव्या पायाची टाच उचललेली, अगदी वडिलांसारखी. तो एकेकाचे नाव घेत दुवा मागत होता: सखूबाईचा दमा, बबनची पाठ, नव्या ड्रायव्हरची झोप. शेवटची नावे इंजिनाच्या घरघरीत बुडाली.

"मौलाना, आवरा की!" मुकादम (टोळी घेऊन जाणारा) ओरडला. "तुमची दुवा संपस्तोवर ऊस वाळंल!"

"गप बसा ओ मुकादम!" ट्रकमधून एक बाई म्हणाली. "माजं नाव यायचंय अजून."

याह्याच्या घरी त्याच्या बायकोने, जरीनाने, ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या डाळींच्या मसालेदार पिठाची) वाढली. त्याने लोणचे चाखले आणि दुसरी फोड घेतली. मग चर्चच्या गळक्या कौलांचे विचारले, माझ्या नोकरीचे विचारले, शेजारच्या शेळीचेसुद्धा विचारले. आईचे विचारले नाही. जरीनाने दोनदा त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मीही नियमाची पक्की.

परतीला तीच जीप मिळाली. याह्या पोचवायला आला आणि दारापाशी सुरू झाला. मला सुखरूप ने, ड्रायव्हरला सद्बुद्धी दे, टायर धड ठेव. प्रत्येक नावाला अख्खी जीप सरावाने "आमीन" म्हणत होती.

"आणि नगरच्या म्हातारीचे गुडघे..."

"आमीन," शेजारची आजी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ही म्हातारी दर दुवेत असती बगा. कोन हाय की. आमी बी हात जोडतो."

मी नियमाचा विचार केला. मला नाही विचारले, देवाला विचारले; पण विचारले तर आहे.

"याह्या, गुडघे नाहीत," मी म्हणाले. "गुडघे बरे आहेत. आता हृदय आहे. सोमवारी ऑपरेशनसाठी भरती व्हायचंय. तुझी माहिती जुनी आहे."

त्याचे हात तसेच हवेत राहिले. आमच्या घराण्यात प्रार्थना पहिल्यांदाच अर्ध्यात थांबली.

"मौलाना, चला की," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"कुठं बसू?"

"बसल्यावर दिसतंय."

जरीना मागून आलीच होती. तिच्या हातात त्याची पिशवी होती, भरलेली. तिने ती केव्हा भरली, हे मी विचारले नाही.

दार आईने उघडले. तिने दाढी पाहिली, टोपी पाहिली. तो टोपी काढू लागला, तशी म्हणाली, "राहू दे. गार आहे बाहेर. जेवलास का?"

सोमवारी रिक्षा दारात आली. आईने प्रार्थना सुरू केली. खोकल्याची जागा आली. ती "योहान" म्हणाली आणि पुढे गेली. शेवटी त्याच्याकडे वळली. "आता तू म्हण. तुला येते तशी."

त्याने हात पसरले, टाच उचलली. सर्जन झाले, नर्सबाई झाल्या, लिफ्टवाला झाला. रिक्षावाल्याने इंजिन बंद केले. डोळे न उघडता आई म्हणाली, "भूल देणारे राहिले."

आमचा नंबर गेला. भरती व्हायला दुपार झाली. तोवर आम्ही तिघे एका बाकावर बसून होतो, आई मधे.

ऑपरेशन नीट झाले. पुढच्या आठवड्यात टाके दाखवायला जायचे आहे. मी निघायची वेळ एक तास अलीकडे घेतली आहे. प्रार्थना म्हणणारे आता दोघे आहेत.