व्याह्यांचा कुत्रा आणि माझ्या कोंबड्या

समोरच्याला दमवण्यात आमच्या व्याह्यांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. मी चौथीत शाळा सोडली, मांजरी गावच्या उसात हयात काढली, बैल दमले पण मी दमलो नाही. या माणसानं मला एका उन्हाळ्यात खुर्चीवर बसल्या बसल्या दमवलं.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. सारा जन्म शहर बसमध्ये कंडक्टर. बायको गेल्यावर घरात ते आणि तांबडा कुत्रा, दोघंच. आता मुलाकडे बंगळूरला जायचं ठरलं, आणि तिथल्या सोसायटीत कुत्रा चालत नाही. "तुम्ही ठेवून घ्या," म्हणाले. माझ्या अंगणात अकरा कोंबड्या. मी सांगितलं, "एक पीस जरी पडलं, तर कुत्रा इथं राहायचा नाही." मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघं फाटकात हजर. एका हातात दोरी, दुसऱ्यात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा, खिशात उकडलेली कलेजी. कुत्र्यानं कोंबडीवरची नजर काढली की चिमटा वाजायचा, टक्क, आणि तोंडात तुकडा. रोज एक पाऊल जवळ. कुत्र्याला वर अहो-जाहो! "पुढे सरका साहेब, घाई नको, गाडी मोकळी आहे." मी म्हणालो, "अहो, आमच्यात मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधतात. दोन दिवसांत शिकतो."

"व्याही, तुम्ही शाळा का सोडलीत?" त्यांनी मला विचारलं.

"मास्तर मारायचा म्हणून."

"तेच," म्हणाले, आणि टक्क.

दीड महिना ही टकटक ऐकली. चहा विचारावा तर नको. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा हट्ट. सून कप घेऊन दारात उभी, आणि हे माझ्याच अंगणात बाटलीतलं कोमट पाणी पिणार! मला तो अपमान वाटे. तिसऱ्या आठवड्यात दोरी सुटली आणि कुत्र्यानं लाल कोंबडीची शेपटी उपटली. व्याही मटकन पायरीवर बसले. चिमटा गप्प. सुटायची वेळ आली होती माझी. पण मी पिसं गोळा करून धोतराच्या सोग्यात लपवली आणि म्हणालो, "ती हल्ली पिसं झाडतेच. उद्या वेळेवर या."

शेवटच्या दिवशी दोरी नव्हतीच. कुत्रा उन्हात आडवा, लाल कोंबडी त्याच्या पाठीवर चढून उभी. त्यानं एक उसासा टाकला, अगदी माझ्यासारखा. व्याह्यांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि लेकीला हाक मारली, "चहा टाक गं. साहेब आता इथं जेवणार, मग माझं कसलं सोवळं?" उभ्यानंच कप रिकामा केला आणि मागं न बघता गेले.

आता मी सकाळी सातला खुर्ची टाकतो. कोंबड्या कुत्र्याच्या नाकासमोरून दाणे टिपत जातात. तो बघतही नाही. सवयीनं मी चिमटा वाजवतो. टक्क. तो मान उचलतो आणि फाटकाकडे बघतो. त्याला तुकडा द्यायला नको, हे मला कळतं. पण मीही तिकडेच बघत असतो, म्हणून देतो.