ग्रीकबाईंची वीज

वीज चमकली की मिरजेतल्या आमच्या गल्लीत खिडक्या धडाधड लागायच्या. ग्रीकबाई मात्र चष्मा पुसायच्या आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची ओढून नाटकाला बसावं तशा बसायच्या. पाद्री होऊ पाहणाऱ्या मुलांना त्यांनी तीस वर्षं बायबलातलं ग्रीक शिकवलं होतं, म्हणून हे नाव. नर्सिंगला असताना मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे, आणि वीज सुरू झाली की तिथेच उशीत तोंड खुपसून पडायचे.

बाईंचा स्वभाव तसा खवट. "लिहिलंय तेवढंच वाचायचं, पदरचं घालायचं नाही," हे त्यांचं पालुपद. जुने विद्यार्थी, आता पोक्त झालेले पाद्री, रविवारचं प्रवचन दाखवायला यायचे आणि बाई लाल पेन्सिलीने अर्धं खोडून परत द्यायच्या. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा मला दोनदा वाचायला लावायच्या. तेव्हा राग यायचा. आज वॉर्डात माझी अब्रू राहते ती त्याच सवयीमुळे.

एका वळवाच्या संध्याकाळी त्यांनी मला खोलीतून ओढून काढलं आणि काय झालंय ते सांग म्हणाल्या. तोवर कुणालाच न सांगितलेलं मी सांगून टाकलं. मी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसावर वीज येते, असं आमच्या खंडाळ्याकडे मानतात. चौदाव्या वर्षी मी दादांना, म्हणजे वडिलांना, रानात भाकरी घेऊन गेले. आभाळ भरून आलं म्हणून आम्ही बांधावरच्या बाभळीखाली उभे राहिलो, आणि वीज पडली. मी वाचले, दादा गेले. पोरीवरची त्यांनी अंगावर घेतली, असं चुलती दहाव्याला म्हणाली. आई काहीच बोलली नाही. तेव्हापासून मी आईची नजर चुकवत होते, उन्हाळ्यात घरी जायचंही टाळत होते.

बाईंनी समजूत घातली नाही. कपाटातून ग्रीक पुस्तक काढलं. वीज म्हणजे अस्त्रापे, म्हणाल्या, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. येशूच्या रिकाम्या कबरीपाशी बसलेल्या देवदूताचं रूप त्या शब्दाने सांगितलेलं. घरातल्या दिव्याच्या लख्ख उजेडालाही तोच शब्द. देवाच्या सिंहासनातून निघणाऱ्या विजाही होत्या. तिथे दरारा आहे, तो लपवायचा नाही, असंही त्यांनी सांगितलं. सैतान विजेसारखा आकाशातून पडला, हे आलं तेव्हा मी त्यांना पकडलं. म्हणजे पाप्यावर पडतेच की, म्हटलं.

"विजेसारखा पडला. त्याच्यावर वीज पडली असं लिहिलंय का?" बाईंनी विचारलं, आणि पान उलटलं. येशूचं पुन्हा येणं कसं असेल, तर पूर्वेला निघालेली वीज पश्चिमेपर्यंत दिसते तसं, असं तिथे होतं. "सगळ्यांना दिसते ती. एका पोरीचा पत्ता घेऊन निघत नाही. तुझ्या चुलतीनं पदरचं घातलं, आणि तू इतकी वर्षं ते पाठ केलंस."

मी ढसाढसा रडले. बाईंनी जवळ वगैरे घेतलं नाही, टॉवेल आणून दिला. माझा देव वेगळा, त्यांचा वेगळा, याची अडचण आम्हा दोघींना कधी वाटली नाही. त्या संध्याकाळचे उपकार मात्र मी कुठल्याही देवळात फेडू शकणार नाही.

घरी जा, आईशी बोल, असं त्या सारखं बजावायच्या. आज जाते, उद्या जाते, यात हिवाळा आला आणि बाई गेल्या. पुढच्या मे महिन्यात मी घर गाठलं. आई गहू निवडत होती. तिला सगळं सांगितलं, बाई, त्यांचं पुस्तक, पूर्व-पश्चिम. बाई गेल्याचं तेवढं सांगायचं राहिलं.

आईचे हात थांबले होते.

"भाकरी म्या उशिरा धाडली व्हती," ती म्हणाली. "येळंवर धाडली असती तर आभाळ याच्या आत तुमी दोगंबी घरला आला असता. तुला काय तोंड दावू म्हणून गप ऱ्हायले."

मग ताटातले गहू उगाच इकडचे तिकडे करत म्हणाली, "त्या बाईस्नी इचार गं एकदा. माज्यापायी तर न्हाई ना झालं?"

मी तिचा हात धरला.

"इचारलंय, आई. न्हाई म्हणाल्या."