नसीमआपांची बसंत

मांजा स्वतःच्या दातांनी तोडून बघितल्याशिवाय नसीमआपा कुणाच्याही पोराला पतंग उडवू देत नसत. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत आमची दारं शेजारी-शेजारी. संक्रांतीनंतरच्या सुट्टीत आम्ही पोरांना मोकळ्या मैदानात न्यायचो. आपा मागून यायच्या, रीळ मागायच्या आणि दोरा चावायच्या. तुटला तर "यल्ला, उडाओ!" नाही तुटला तर रीळ सरळ त्यांच्या पर्समध्ये. आमची ईरा करवादायची, "मम्मा, शी टुक इट अगेन!" मीही चरफडायचे. दुसऱ्यांच्या पोरांची रिळं जप्त करणारी ही बाई कोण लागून गेली?

आपा मूळच्या लाहोरच्या; इथे एका शाळेत गणित शिकवायच्या. वसंत पंचमीच्या सुमारास तिकडे बसंत असते, सगळं शहर पिवळे कपडे घालून गच्च्यांवर पतंग उडवतं. एकदा त्या दिवसांत त्या गोड पिवळा भात घेऊन आल्या आणि वाढता वाढता सहज म्हणाल्या, "भाभी, हमजा के अब्बा बसंत के दिन ही गए. मोटरसाइकिल पर थे. पतंग किसी और की थी." कुणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा आला आणि आपांच्या नवऱ्याच्या गळ्यावर बसला होता. माझा घास हातातच राहिला. "खाओ ना," आपा म्हणाल्या. "क़सूर डोर का है, बसंत का नहीं."

पुढे तिकडे पतंगांवर बंदी आली. आपा निर्धास्त झाल्या आणि थोड्या हिरमुसल्याही. त्यांचा एकुलता एक हमजा लाहोरात आजीकडे वाढला, नोकरीला लागला आणि त्यानं बाइक घेतली. बाइकचा विषय निघाला की आपांचा हात नकळत गळ्याशी जाई. मला ते बघवत नसे.

आणि मग बंदी उठली. हमजानं आईला बसंतसाठी बोलावलं. आपांनी आधी बाइकच्या हँडलवर मांजा अडवणारी लोखंडी कमान बसवायला सांगितलं.

"लगा लूँगा, अम्मी."

"लगा लूँगा नहीं, लगा ली बोल!"

तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून रजा काढून स्वतःच निघाल्या. टॅक्सीत बसताना मला म्हणाल्या, "उस दिन बाइक की चाबी मेरे पास रहेगी. खलास."

बसंतच्या दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. फोन कुणीतरी कठड्यावर टेकवून ठेवला होता. मागे पतंगांनी भरलेलं आभाळ, पतंग कटला की उठणाऱ्या "बो काटा!"च्या आरोळ्या, आणि पिवळ्या दुपट्ट्यात आपा स्वतः पतंग उडवत होत्या! इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. तरी मी न राहवून विचारलं, "हमजा कहाँ है?"

"नीचे गया है, बर्फ लाने. चाबी माँगी, मेरे हाथ डोर में थे, तो मैंने कहा ले ले..."

त्या एकदम हातातली डोर सोडून जिन्याकडे धावल्या. रिकाम्या गच्चीकडे बघत मी हाका मारत राहिले.

हमजा आला. बर्फ घेऊन, धडधाकट. संध्याकाळी कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण आपा परतल्या नाहीत. रजा संपली तसा शाळेला राजीनामा पाठवला आणि मला घरातलं सामान विकून टाकायला सांगितलं. मी चिडून फोन केला, "आपा, हमजा ठीक है ना? फिर क्यों?"



"भाभी," त्या म्हणाल्या, "चाबी मैंने रख ली है. अब तो बसंत हर साल आएगी."