शून्य खर्चाचं बाळंतपण

डिंपलला दोन आवाज होते. घरचा आवाज यावलकडचा, केळीच्या बागेत या टोकाहून त्या टोकाला हाक मारावी तसा लांबलचक. दुसरा पाहणीचा. तो सपाट, एका पट्टीतला, गाडी उशिरा येत असल्याचं सांगणाऱ्या स्टेशनवरच्या बाईसारखा. 'गेल्या वर्षभरात आपल्या कुटुंबातील कोणी सदस्य रुग्णालयात दाखल झाला होता का?' हे वाक्य तिच्या तोंडात असं बसलं होतं, की कधीकधी ती आईकडे भाजीसुद्धा त्याच पट्टीत मागायची.

काम सरकारी पाहणीचं, नेमणूक कंत्राटी. घरोघर जायचं, कोण आजारी पडलं, खर्च कुणी आणि किती केला ते विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. कुठल्या तालुक्यात बाळंतपणाच्या सोयीला किती निधी लागेल, ते वर कुठेतरी या उत्तरांवरून ठरणार होतं. वडिलांची पाठ केळीचे घड उचलून गेल्यापासून घर डिंपलच्याच पगारावर चाललं होतं.

आणि दोंडाईच्याजवळच्या या गावात ते काम जायची वेळ आली. एका घराआड एका घरात पाळणा हलत होता आणि बाळंतपणाचा खर्च प्रत्येक घरात शून्य येत होता. पर्यवेक्षक प्रेमराज सरांचा फोन आला. ते बोलायचे तेव्हा प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखं वाटायचं.

"पोरं काय आभाळातून पडली, मॅडम? का झाडाखाली बसून मनानेच आकडे भरताय? दुपारी मी येतोय. माझ्यासमोर विचारायचं. खोटं निघालं तर उद्यापासून घरी."

सकाळी ती गावातल्या लिलाबाईकडे जाऊन आली होती. आतल्या खोलीत बाळंतीण लेक होती, शेकशेगडीचा धूर होता, दवाखान्याची पिशवी अजून खुंटीला होती. लेकीचं विचारल्यावर लिलाबाई हसल्या होत्या. "पोरगी तिना घरनी शे. तिले आठे कसाले धरस, बाई?" नियमही तेच सांगत होता. सासरी राहणारी लेक या कुटुंबाची सदस्य नाही. डिंपलनं शून्य भरलं होतं.

दुपारी सुकदेव नानांच्या ओसरीवर प्रेमराज सर खाटेवर बसले, तेव्हा डिंपलचा पाहणीचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. नाना प्रत्येक उत्तराआधी घसा खाकरत. दाराआड सून कामिनी डोक्यावर पदर घेऊन उभी होती, खांद्यावर तान्हं.

"आमना घरमा बठ्ठं बेस शे," नाना म्हणाले. "दवाखानाना खर्च काहीच नही."

सरांनी तान्ह्याकडे बोट केलं. नानांना ते लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तो मान व्याह्यांचा, आणि व्याह्याला खर्च विचारणं म्हणजे त्याच्या पगडीला हात घालणं, हे त्यांनी खाकरत खाकरत सुनावलं. आपण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

सर समजल्यासारखे हसले. "बरोबर. या घरचा खर्च शून्य. मॅडम, पुढे चला."

सरांचा तिच्यावरचा संशय फिटला होता. बोट फक्त 'पुढे'वर टेकवायचं होतं. पण लिलाबाईच्या खुंटीवरची पिशवी डिंपलच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"सर, लेक माहेरच्या घरात धरायची नाही. खर्च सासरच्या घरात धरायचा नाही," ती म्हणाली. "मग ही बाळंतपणं झाली कुठं?"

"नियम तुम्ही केलेत का?"

डिंपल दाराकडे वळली आणि तिचा घरचा, लांबलचक आवाज निघाला. "वहिनी, दवाखाना कोणता होता वं?"

नाना खाकरले. या वेळी ते उत्तर देण्यासाठी नव्हतं. सासऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर सून बोलत नसते. कामिनीनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. आता सर उठतील आणि जाता जाता आपलं नाव कापतील, असं डिंपलला वाटलं.

"शिरपूरचा," कामिनी पदराआडून म्हणाली. "शिजर झालं. माझ्या आईची सोन्याची पोत गेली त्यात."

नानांचा खाकरा घशातच राहिला. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, खाली पाहिलं. "माले कोनी सांगं नही," ते हळूच म्हणाले. मग डिंपलकडे बघून, "लिही. पन मना व्याहीले कळू देऊ नको."

पोत गेल्याचं लिहायला टॅबमध्ये रकाना नव्हता. सर्वांत खाली शेऱ्याची जागा होती. डिंपल सरांकडे पाहत राहिली. सरांचा चेहरा उतरला होता.

"'खर्च माहेरी' असं लिहा," ते म्हणाले. शब्दांवरचा शिक्का गळून गेला होता. "सकाळची घरंही पुन्हा भरा. वरून कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. उद्या... उद्या कामावर या."

ते अंगणात गेले. त्यांची बायको महिन्यापासून पारोळ्याला माहेरी होती, परवाच मुलगी झाली होती, पेढेही वाटून झाले होते. निंबाखाली उभं राहून त्यांनी सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, दवाखान्याचा खर्च किती झाला?"

पलीकडून आकडा आला नाही, हे डिंपलला ऐकू न येताही कळलं. सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.